हक्क कुठल्या टेबलावर अडतो?

१६ सप्टेंबर १९७९ ही तारीख असलेलं एक खुलं पत्र आहे, भारताच्या सरन्यायाधीशांना लिहिलेलं. लिहिणारे चौघेही कायद्याचे अभ्यासक: दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. सर्वोच्च न्यायालयाने वर्षभरापूर्वी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात दिलेल्या निकालाबद्दल हे पत्र होतं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं आणि धाकापुढे शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असं बजावलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, तेव्हा संमती असणार, असा तर्क लावून दोघांनाही निर्दोष ठरवलं.

चौघांच्या हातात काय होतं? छापील निकालपत्र. त्याची ओळ न् ओळ वाचून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं: संमती. रात्रीच्या वेळी, दार बंद केलेल्या पोलीस ठाण्यात, वर्दीतल्या माणसापुढे गप्प राहिलेल्या मुलीची संमती कशी धरता येईल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्या पत्राने देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. त्या मुलीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. प्रकरण तिच्याच नावाने ओळखलं जातं, पण अशा पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं ते त्याच १९८३च्या दुरुस्तीने. तुमच्या प्रबंधातही तिचं नाव नसावं. खटल्याचं शीर्षक पुरेसं आहे.

मानवी हक्क हा विषय घेऊन एलएल.एम. किंवा पीएच.डी. करू पाहणाऱ्यांना, आणि हा पेपर शिकवायला नव्याने उभं राहणाऱ्या प्राध्यापकांना माझं पहिलं सांगणं हेच, की पाठ्यपुस्तक उघडण्याआधी तो निकाल आणि ते पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचा. एवढा मोठा अन्याय त्यांनी एका शब्दापर्यंत आणून ठेवला. आपल्या विषयातलं संशोधन म्हणजे हेच काम. हक्क कागदावर असतो. तो माणसापर्यंत पोचताना नेमका कुठल्या शब्दापाशी, कुठल्या टेबलापाशी अडतो, ते शोधून दाखवायचं.

विषय निवडताना

विभागात दर वर्षी येणारे सिनॉप्सिस चाळले की काही शीर्षकं हटकून भेटतात. ‘भारतातील मानवी हक्कांचे उल्लंघन: एक चिकित्सक अभ्यास’. ‘पोलीस आणि मानवी हक्क’. ‘स्त्रियांचे मानवी हक्क: संकल्पना व वास्तव’. या शीर्षकांखाली तीनशे पानं लिहिता येतात आणि तीनशे पानांनंतरही वाचणाऱ्याला नवं काही कळत नाही. पहिलं प्रकरण ग्रीक तत्त्वज्ञांपासून, दुसरं मॅग्ना कार्टापासून, तिसरं १९४८च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यापासून, आणि स्वतःचं असं काही सुरू होईपर्यंत मुदत संपत आलेली.

मी विद्यार्थ्यांना एक साधी अट घालतो. तुमच्या प्रश्नात एक ठरावीक हक्क असला पाहिजे, एक ठरावीक जागा असली पाहिजे, आणि तो हक्क देण्याचं काम कायद्याने ज्याच्यावर टाकलंय असा एक ठरावीक हुद्दा असला पाहिजे. यातलं एक जरी नसेल, तर तो प्रश्न अजून व्हायचा आहे.

हे कसं जमवायचं, ते महाराष्ट्रातल्याच एका निकालावरून सांगतो. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांच्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं आणि खरं काय ते पाहायला निर्मला निकेतन या मुंबईच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवलं. कैद्यांशी बोलताना तिथे दुसरं कुणी हजर असता कामा नये, हेही बजावलं. १९८३च्या त्या निकालात अनेक निर्देश आहेत. त्यांतला एक फारसा कुणी उद्धृत करत नाही: अटक झालेल्या माणसाचे कायदेशीर हक्क सांगणारी पत्रकं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावीत, ती राज्यातल्या प्रत्येक पोलीस कोठडीत लावावीत आणि माणूस ठाण्यात आणला की त्याला समजणाऱ्या भाषेत ती वाचून दाखवावीत.

आता हा निर्देश पकडा. हक्क ठरला: आपले हक्क आपल्या भाषेत कळण्याचा. जागा ठरवा: तुमच्या तालुक्यातली पोलीस ठाणी. हुद्दा आपोआप ठरतो: ठाण्याचा प्रभारी अधिकारी. पत्रक लावलंय का? कुठे लावलंय, कोठडीत की साहेबांच्या केबिनबाहेर? वाचून दाखवल्याची नोंद कुठल्या वहीत होते? त्या पत्रकातली मराठी ऊसतोड मजुराला कळेल अशी आहे का, की ‘उपरोक्त कलमान्वये’ची आहे? चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या या एका निर्देशावर उत्तम लघुप्रबंध होऊ शकतो, आणि तो मुंबई-दिल्लीपेक्षा किनवट किंवा अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याला जास्त चांगला जमेल.

असाच दुसरा विषय न्यायाधीन बंद्यांचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के लोकांचा खटला अजून चालू होता किंवा सुरूच व्हायचा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की काही अपवाद सोडून त्याला सोडायचं आहे, आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचं काम कारागृह अधीक्षकांवर टाकलं आहे. तुमच्या जिल्हा कारागृहातून असे किती अर्ज गेले, किती मंजूर झाले, आणि मंजूर होऊनही जातमुचलक्याच्या रकमेपायी किती जण आतच राहिले? हे मोजणं म्हणजे संशोधन.

ज्यांना कायद्याचा तात्त्विक पेच हवा असेल त्यांच्यासाठी महाराष्ट्रात सोन्यासारखा विषय पडून आहे: सामाजिक बहिष्कार. १९४९च्या मुंबई कायद्याने जातीतून वा पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी आणली. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांच्या खटल्यात तो कायदा धार्मिक स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर घटनाबाह्य ठरवला. मग २०१६ मध्ये महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध नवा कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. जुन्या निकालाचा फेरविचार व्हावा का, हा प्रश्न फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने मोठ्या पीठाकडे पाठवला. समूहाचा हक्क आणि त्याच समूहातल्या एकट्या माणसाचा हक्क समोरासमोर आले की कायदा काय करतो? एका बाजूला हा प्रश्न, दुसऱ्या बाजूला तुमच्या जिल्ह्यात नव्या कायद्याखाली नोंदलेले गुन्हे. या दोन टोकांना जोडणारा प्रबंध लिहायला हिंमत लागेल, पण तो वाचला जाईल.

विषय पक्का करण्याआधी ‘शोधगंगा’वर त्याच विषयाचे प्रबंध शोधा. सापडले म्हणून विषय सोडू नका. आधीचा माणूस कुठे थांबला ते बघा आणि तिथून निघा.

आधी व्याख्या, मग करार

मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ मधली ‘मानवी हक्कां’ची व्याख्या बहुतेकांना अर्धीच पाठ असते: जीवित, स्वातंत्र्य, समता आणि व्यक्तीची प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित हक्क. पुढे त्यात अटी आहेत. हे हक्क संविधानाने हमी दिलेले असावेत किंवा आंतरराष्ट्रीय करारनाम्यांत समाविष्ट असावेत, आणि भारतातल्या न्यायालयांमार्फत अंमलात आणता येण्याजोगे असावेत. या शेवटच्या अटीवर अडखळायला शिका. करारात असलेला पण आपल्या न्यायालयाला अंमलात आणता न येणारा हक्क आयोगापुढे मांडता येईल का? त्याच कायद्याचं कलम ३६ सांगतं, की घटनेला एक वर्ष उलटून गेलं असेल तर आयोग चौकशी करू शकत नाही. ज्या बाईला आपला मुलगा कोठडीत कसा मेला याचा कागद मिळवायलाच दोन वर्षं लागतात, तिच्यासाठी या कलमाचा अर्थ काय? असे प्रश्न कायद्याच्या मजकुरातूनच निघतात, त्यासाठी परदेशी ग्रंथ लागत नाहीत.

करारांच्या बाबतीत एक चूक फार दिसते. ‘भारत या कराराचा सदस्य आहे’ असं सरसकट लिहिलं जातं. स्वाक्षरी वेगळी, अनुसमर्थन वेगळं, आणि अनुसमर्थन करताना ठेवलेलं आरक्षण त्याहून वेगळं. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, अनुसमर्थन अजून केलेलं नाही. नागरी व राजकीय हक्कांचा करार आपण १९७९ मध्ये स्वीकारला, पण त्याच्या पहिल्या ऐच्छिक प्रोटोकॉलला आपण बांधलेले नाही. त्यामुळे भारतातल्या पीडिताला त्या कराराच्या समितीकडे व्यक्तिगत तक्रार नेता येत नाही. ‘पीडित व्यक्ती संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागू शकते’ हे वाक्य किती प्रबंधांत मी खोडलं असेल, सांगता येणार नाही.

आरक्षणाची एक गोष्ट तर प्रत्येक वर्गात सांगावी अशी आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराच्या अनुच्छेद ९(५) नुसार बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क आहे. भारताने तिथे आरक्षण ठेवलं. असा हक्क आपल्या कायद्यात नाही, असं कळवलं. पुढे ओडिशातल्या नीलाबती बेहेरा यांनी मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल दाद मागितली आणि १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपयांची भरपाई दिली. १९९६च्या डी. के. बसू निकालात न्यायालयाने स्पष्टच म्हटलं, की भरपाईच्या या निकालांनंतर त्या आरक्षणाला अर्थ उरलेला नाही. सरकारने परदेशात दिलेला नकार न्यायालयाने देशात निकामी केला. हे कसं घडलं, त्याला मर्यादा काय, हे समजावून घेतलं की आंतरराष्ट्रीय कायदा आणि आपला कायदा यांचं नातं हाताला लागतं.

निकाल वाचताना सारांशावर, गाईडवर किंवा शीर्षटिपांवर विसंबू नका. ओल्गा टेलिस खटला घ्या. १९८५च्या या निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला, हे प्रत्येक उत्तरपत्रिकेत असतं. फूटपाथवर राहणाऱ्या त्या माणसांचं पुढे काय झालं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. न्यायालयाने महापालिकेचा हटवण्याचा अधिकार मान्य केला. फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबायला सांगितलं. तत्त्व जिंकलं आणि ज्यांच्या नावाने जिंकलं त्यांच्या झोपडीला कायमचं संरक्षण मिळालं नाही. हा निकाल वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं, आणि विद्यार्थ्यांनाही व्हावं असं वाटतं. तत्त्व आणि आदेश यांच्यामधल्या त्या फटीतच आपल्या अभ्यासाचे निम्मे प्रश्न आहेत.

सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल आता ‘ई-एससीआर’वर फुकट मिळतात, कित्येक निकालांचे मराठी अनुवादही आहेत. अनुवाद समजून घ्यायला वापरा, उद्धृत मात्र मूळ निकालच करा. आणि तालुक्याच्या न्यायालयातला रोजनामा विसरू नका. कोठडी वाढवून देताना दंडाधिकाऱ्यांनी कारण लिहिलं की ठरलेलंच वाक्य पुन्हा लिहिलं, हे कुठल्याही निकालसंग्रहात सापडणार नाही. ते रोजनाम्यात सापडतं.

माणसांकडे जाताना

संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मी एका मृत्यूप्रकरणातल्या कुटुंबाची मुलाखत घ्यायला गेलो होतो. विद्यापीठाच्या नमुन्यातलं संमतीपत्र बरोबर होतं, दोन पानी, शुद्ध मराठीत. आजींनी अंगठा दिला, तासभर बोलल्या, चहा पाजला. निघताना त्यांनी विचारलं, “साहेब, पैसे किती महिन्यांत येतील?” भरपाईच्या अर्जावर अंगठा दिला अशी त्यांची समजूत झाली होती. माझ्याजवळ कागद होता, संमती नव्हती. त्या दिवशीच्या नोंदी मी वापरल्या नाहीत. देसाईगंजच्या खटल्यातला तो शब्द त्यानंतर मला पुस्तकातला वाटेनासा झाला.

शरण जाणं आणि संमती यांतला फरक संशोधकालाही लागू आहे. अधीक्षकांनी बोलावून बसवलेला कैदी, सरपंचासमोर उत्तर देणारी बाई, शिक्षिकेच्या देखत बोलणारी वसतिगृहातली मुलगी: ही माणसं ‘हो’ म्हणतात कारण ‘नाही’ म्हणायची सोय नसते. म्हणून संमतीपत्र वाचून दाखवा, नंतर त्यांच्याच शब्दांत ते काय आहे हे त्यांना सांगायला लावा. तुम्ही त्यांना पैसे, वकील, सुटका यांतलं काहीही मिळवून देऊ शकत नाही, हे स्वच्छ सांगा. मग दोन दिवसांनी पुन्हा विचारा. वहीत नाव लिहू नका, खूण लिहा. नाव आणि खूण यांची यादी वेगळ्या जागी ठेवा. लहान गावात ‘पस्तीस वर्षांची, विधवा, अंगणवाडी मदतनीस’ एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. नाव बदललं म्हणजे ओळख लपली, या भ्रमात राहू नका. आणि संशोधनात कुणाच्या जिवाला धोका असल्याचं कळलं तर काय करायचं, हे मार्गदर्शकांशी आधी बोलून ठेवा. प्रसंग आल्यावर ठरवायला वेळ नसतो.

मुलाखत नीट घेतली तर तिचं वजन केवढं असतं, याचं उदाहरण दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने घालून दिलं. फाशीची शिक्षा झालेल्या देशभरातल्या ३८५ पैकी ३७३ कैद्यांपर्यंत त्यांच्या गटाने पोचून २०१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून दिसलं, की जवळजवळ चारांपैकी तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले होते. फाशी कुणाला होते, याची चर्चा तोवर अंदाजांवर चालायची. या कामात विद्यार्थी होते, तुमच्याच वयाचे.

तुरुंगाची परवानगी लवकर मिळत नाही, कधी मिळतच नाही. प्रबंध तिच्यावर टांगून ठेवू नका. सुटून आलेली माणसं, त्यांचे वकील, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक आणि माहितीचा अधिकार, एवढ्या वाटा उरतात. माहिती अधिकाराचा अर्ज करताना महाराष्ट्राचे नियम लक्षात ठेवा: जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचं शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘पत्रके का लावली नाहीत?’ याला उत्तर देण्याचं बंधन जन माहिती अधिकाऱ्यावर नाही. ‘पत्रके लावल्याबाबतच्या आदेशाची व अनुपालन अहवालाची प्रत द्यावी’ असं लिहा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर तीस दिवसांत आलं, तर तेही पुरावाच आहे, परिशिष्टात जोडा. आणखी एक कलम माहीत असू द्या: गुप्तवार्ता आणि सुरक्षा संघटनांना या कायद्यातून सूट असली, तरी मानवी हक्कभंगाच्या आरोपाशी संबंधित माहितीला कलम २४ मध्ये अपवाद केलेला आहे.

वर्गात

आता शिकवणाऱ्यांसाठी थोडं. मानवी हक्कांचा पेपर पॅरिसपासून, म्हणजे १९४८च्या जाहीरनाम्यापासून सुरू करायची आपल्याला सवय आहे. महाराष्ट्रात तो महाडपासून सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचं ठरवलं. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर आला होता, तोही दोनदा. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. त्यानंतर मारहाण झाली, मग दिवाणी दावा आला, तळं खाजगी आहे आणि वहिवाट अनादी काळापासूनची आहे असा दावा. डिसेंबर १९२७ मध्ये मनाईहुकूम मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला मार्च १९३७ मध्ये: अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही.

या एका प्रकरणावर सहा-सात तास रंगतात. ठराव आणि कायदा यांत फरक काय? नगरपालिकेने ठराव केला, मग अंमलबजावणी कुणी करायची होती? पुराव्याचं ओझं कुणावर होतं? मनाईहुकूम असताना डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी तळ्यावर जायचं थांबवलं, ते का? १९४८चा जाहीरनामा शिकवायची वेळ येते तेव्हा वर्गाला कळलेलं असतं की हा विषय कुठून तरी आयात झालेला नाही. जाहीरनाम्याच्या पहिल्या अनुच्छेदातला ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होऊ शकणारा शब्द बदलून ‘सर्व मानव’ व्हावा म्हणून भारताच्या हंसा मेहता झगडल्या, हेही तेव्हाच सांगावं.

भाषेचा प्रश्न टाळू नका. बहुतेक महाविद्यालयांत पुस्तकं इंग्रजी, विद्यार्थी मराठी, आणि शिकवणं दोन्हींच्या मधलं असतं. माझ्या अनुभवात संज्ञेचं मराठी करायला बसलं की संकल्पना उलगडते. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असे शब्द आहेत. पण बोलण्यातली ‘प्रतिष्ठा’ वेगळी. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना ती असते, घराण्याला असते, आणि मुलीने जातीबाहेर लग्न केलं की जाते. संविधानातली प्रतिष्ठा प्रत्येकाला जन्माने मिळते आणि कशानेही जात नाही. एकाच शब्दात हे दोन अर्थ एकमेकांवर चालून येतात. वर्गात या शब्दावर वाद होऊ द्या. मग विचारा, आंबेडकरी चळवळीने ‘माणुसकीचे हक्क’ हे शब्द का वापरले असतील?

संयुक्त राष्ट्रांच्या २०११च्या मानवी हक्क शिक्षणविषयक जाहीरनाम्यात शिक्षणाच्या तीन बाजू सांगितल्या आहेत: हक्कांविषयी शिकवणं, हक्कांसाठी शिकवणं, आणि शिकवण्याची रीतच हक्कांना धरून असणं. आपण पहिली करतो, दुसरी दहा डिसेंबरच्या, मानवी हक्क दिनाच्या भित्तिपत्रक स्पर्धेवर भागवतो, तिसरीकडे पाहत नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘बस खाली’ म्हणणाऱ्या वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवता येत नाही. महाविद्यालयातली अंतर्गत तक्रार समिती कागदावरच असेल, तर लैंगिक छळाविरुद्धचा विशाखा निकाल शिकवताना विद्यार्थिनी तुमच्याकडे कशा बघतात ते पाहा. पहिला क्षेत्रीय अभ्यास स्वतःच्याच संस्थेत घ्या: समितीच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का, दिव्यांग विद्यार्थ्याला ग्रंथालयापर्यंत जाता येतं का, वसतिगृहातली तक्रार कुठे नोंदली जाते. प्राचार्यांना आवडेलच असं नाही, तरी घ्या.

अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा चांगल्याच आहेत, पण त्या बोलणाऱ्या चार मुलांच्या असतात. विधी साहाय्य केंद्र सगळ्या वर्गाचं असू शकतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हे ठाऊक नसलेली माणसं तुमच्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवरच भेटतील. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात एका तरी माणसाचा अर्ज शेवटपर्यंत न्यावा, आणि तो कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होता याची तारीखवार नोंद ठेवावी. अशा तीस नोंदी एकत्र केल्या की जिल्ह्याच्या विधी साहाय्याचा अभ्यास उभा राहतो. शिकवणं आणि संशोधन अशा रीतीने एकाच वहीत येतात.

प्रश्नपत्रिकाही बदला. ‘मानवी हक्कांची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये लिहा’ असं विचारलं की पाठांतरच येणार. त्याऐवजी अर्ध्या पानाची घटना द्या आणि विचारा: इथे कुठला हक्क, कुणाकडे, किती मुदतीत मागाल?

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही. चाळीसच्या आत असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो, साठच्या पुढे गेलं तर नोंदणीच रद्द होते. नेट परीक्षेत विधी या विषयाशिवाय ‘मानवी हक्क व कर्तव्ये’ हाही स्वतंत्र विषय आहे, हे अनेकांना उशिरा कळतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विद्यार्थ्यांना उन्हाळी व हिवाळी अंतर्वासिता देतो. अर्ज जरूर करा, तक्रारी आतून कशा हाताळल्या जातात ते दिसतं. मार्गदर्शक निवडताना त्यांचं नाव किती मोठं आहे यापेक्षा ते मसुदा वाचून परत देतात का, याची चौकशी वरच्या वर्गातल्यांकडे करा.

प्रबंध मंजूर झाला की बहुतेक जण मोकळे होतात. कृपा करून आणखी एक महिना द्या. चार-पाच पानांचा मराठी सारांश काढा. ज्यांनी तुम्हाला वेळ दिला त्यांच्याकडे जाऊन तो वाचून दाखवा. एक प्रत त्या पोलीस ठाण्याला किंवा कारागृहाला द्या, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, एक राज्य मानवी हक्क आयोगाला, आणि पोच घ्या. संशोधनाला उत्तेजन देणं हे आयोगाचं काम आहे, असं मानवी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम १२ मध्येच लिहिलंय. तुमचा सारांश म्हणजे त्यांच्यावर केलेला उपकार नाही आणि आगाऊपणाही नाही.

त्या चौघांच्या पत्रानंतर १९८३ मध्ये भारतीय पुरावा अधिनियमात ११४-अ हे कलम आलं. पोलीस कोठडीसारख्या जागी झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, की संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याचा क्रमांक १२० आहे. विषय ठरवायला बसाल, त्या दिवशी ते कलम आधी वाचा.